उतरती दृष्टि आणि संगणकाचा पडदा

मराठी भाषेनें चष्म्याला एक फार समर्पक नांव दिलें आहे. तें म्हणजे ‘चाळिशी’. वयाचीं चाळीस वर्षें उलटलीं कीं जवळचें अक्षर पुसट दिसूं लागतें, वर्तमानपत्र हात लांब करून धरावें लागतें, सुईंत दोरा ओंवण्यासाठीं घरांतील लहान मुलास हांक मारावी लागते. आणि मग नाकावर जी वस्तु येऊन बसते तिला त्या वयाचेंच नांव मिळतें. जुन्या पिढ्यांनीं ह्या गोष्टीची लाज कधीं मानली नाहीं. आजीबाईंना पोथी वाचतां यावी म्हणून छापखानेवाल्यांनीं मोठ्या टायपाच्या पोथ्या काढल्या, आणि जमाखर्च लिहिणाऱ्या वृद्ध मुनिमाची बैठक खिडकीपाशीं असे. तथापि कागदावरील अक्षर एकदां छापलें कीं तेवढेंच राहतें. तें मोठें करावयाचें तर भिंग आणावें लागतें. संगणकाच्या पडद्यावरील अक्षराची गोष्ट तशी नाहीं. तें वाचणाऱ्याच्या इच्छेप्रमाणें लहान वा मोठें, फिकें वा गडद होऊं शकतें. असें असूनही पुष्कळ घरांत असा चमत्कार दृष्टीस पडतो कीं, देवघरांतील पोथी मोठ्या टायपाची आहे, पण बैठकींतील संगणकाचें अक्षर मात्र कारखान्यांतून आलें तेवढेंच, तरुण डोळ्यांच्या मापाचें, राहिलेलें आहे.

बुलढाणा जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. बुलढाणा, खामगांव, चिखली, मलकापूर, मेहकर इत्यादि गांवीं सेवानिवृत्त शिक्षक, कारकून आणि व्यापारी ह्यांचीं घरें थोडींथोडकीं नाहींत. ह्या मंडळींचीं बरींच कामें आतां कागदावरून पडद्यावर गेलीं आहेत. शेताचा सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर पाहतां येतो. निवृत्तिवेतनासाठीं दरवर्षीं नोव्हेंबरांत द्यावयाचा हयातीचा दाखला २०१४ सालापासून ‘जीवन प्रमाण’ ह्या योजनेनें संगणकाच्या द्वारें देतां येऊं लागला. बँकेचें खातें, विजेचें बिल, आगगाडीचें तिकीट, पुण्या-मुंबईस अथवा परदेशीं राहणाऱ्या मुलांचीं पत्रें, सर्व कांहीं त्याच एका कांचेवर उमटतें. अशा वेळीं अक्षर दिसेनासें झालें म्हणजे केवळ वाचन थांबतें असें नव्हे. व्यवहार दुसऱ्याच्या हातीं जातो. खात्याचा क्रमांक दुसऱ्यानें वाचावयाचा, परवलीचा शब्द दुसऱ्यानें टाइप करावयाचा, आणि खऱ्या मालकानें शेजारीं बसून मान डोलवावयाची! ज्यानें तीस-पस्तीस वर्षें हिशेब चोख ठेविला त्यास स्वतःच्याच पैशाविषयीं परावलंबी व्हावें लागतें. आणि ‘बाबांना आतां संगणक जमत नाहीं’ असा निकाल देऊन घरांतील तरुण मंडळी मोकळी होतात. वस्तुतः पुष्कळदां बाबांना न जमणारी गोष्ट संगणक ही नसून अक्षराचा आकार ही असते.

त्यांतून देवनागरी लिपीची अडचण विशेष आहे. शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. शिरोरेघेच्या खालीं मूळ अक्षर. आणि त्याच्याही खालीं उकार, असे एका ओळींत तीन मजले असतात. ह्या तीन मजल्यांना ओळीची तीच उंची वांटून घ्यावी लागत असल्यामुळें मूळ अक्षर आपोआप लहान होतें. म्हणूनच एकाच मापांत इंग्रजी वाचतां येतें आणि मराठी वाचतां येत नाहीं, असा अनुभव अनेकांस येतो. अनुस्वाराचें एक टिंब दिसलें नाहीं तर ‘भांडें’ ह्याचें ‘भाडें’ होतें. ‘खाना’ आणि ‘रवाना’, ‘घन’ आणि ‘धन’, ‘भात’ आणि ‘मात’ ह्यांतील भेद काय तो एका बारीक रेघेचा. आंकड्यांतही १ आणि ९ ह्यांची, किंवा इंग्रजी आंकड्यांतील तीन आणि आठ ह्यांची गल्लत सहज होते. आणि पैशाच्या व्यवहारांत एका आंकड्याची चूक ही लहान चूक नव्हे. विंडोज प्रणालीबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक प्रसिद्ध अक्षरकार प्रा. र. कृ. जोशी ह्यांनीं रेखिला. त्यानंतर आणखीही अनेक चांगले टंक उपलब्ध झाले आहेत. उतरत्या दृष्टीच्या मनुष्यानें त्यांतील सारख्या जाडीचा आणि मोकळ्या पोटाचा टंक निवडावा. नाजूक, बारीक रेघांचा टंक शोभेस ठीक असला तरी वाचनास घातक होय.

उपाय करण्यापूर्वीं डोळ्यांत काय घडतें तें पाहणें इष्ट आहे. वयाबरोबर तीन मुख्य फरक पडतात. पहिला असा कीं, डोळ्यांतील नैसर्गिक भिंग हळूहळू कठीण होतें. तरुणपणीं तें जवळच्या वस्तूसाठीं फुगत असे, तें आतां फुगत नाहीं. हीच चाळिशी. दुसरा फरक प्रकाशाचा. बुबुळामधील बाहुली लहान होते आणि भिंगावर पिवळसर झांक येते; त्यामुळें साठीच्या मनुष्याच्या दृष्टिपटलावर विशीच्या मनुष्याच्या मानानें साधारणतः एकतृतीयांश प्रकाशच पोंचतो. तिसरा फरक असा कीं, भिंग पूर्वीइतकें स्वच्छ न राहिल्यानें आंत शिरलेला प्रकाश पसरतो. मग समोरून उजेड आला कीं डोळे दिपतात, आणि करड्या रंगावरील फिकें अक्षर पार्श्वभूमींत मिसळून जातें. ह्या तीन दोषांचीं उत्तरेंही तीनच आहेत: योग्य अंतर व मोठें अक्षर, योग्य उजेड, आणि अक्षर व पार्श्वभूमि ह्यांतील ठळक भेद. पुढील सर्व खटाटोप ह्या तिहींतच येतो.

आरंभ यंत्राला हात लावण्यापूर्वीं, बैठकीपासून करावा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्यास हवा कांहींशी थंड असली तरी खालच्या खामगांव-मलकापूरच्या सपाट प्रदेशांत एप्रिल-मे महिन्यांचें ऊन डोळे दिपविणारें असतें. पडद्याच्या पाठीमागें उघडी खिडकी असेल तर तें ऊन सरळ डोळ्यांत येतें. आणि वाचणाऱ्याच्या पाठीमागें असेल तर तें पडद्यावर चमकतें. म्हणून खिडकी बाजूस येईल अशा बेतानें मेज ठेवावें. कुलरचा झोत तोंडावर घेऊं नये. पडद्याकडे टक लावून पाहतांना मनुष्य नेहमींपेक्षां पुष्कळ कमी वेळां पापण्या मिटतो; त्यांत वाऱ्याची भर पडली कीं डोळे कोरडे होऊन चुरचुरतात आणि अक्षर मधूनमधून पुसट होतें. पडद्यावरील धूळ मऊ, कोरड्या फडक्यानें पुसावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत आठवडाभर न पुसलेला पडदा म्हणजे डोळ्यांवर आणखी एक पडदाच होय.

ह्यानंतर चष्म्याचा विचार. पुष्कळांचा समज असा कीं, वाचनाची चाळिशी संगणकासही चालते. परंतु पुस्तक सुमारें ४० सेंटिमीटरांवर धरितात आणि पडदा सुमारें ६५ सेंटिमीटरांवर असतो. भिंगाची शक्ति डायॉप्टर ह्या मापानें मोजतात. शंभरास सेंटिमीटरांतील अंतरानें भागिलें म्हणजे ती निघते. ह्या हिशेबानें पुस्तकासाठीं अडीच, तर पडद्यासाठीं सुमारें दीड इतकीच शक्ति, लांबच्या नंबराखेरीज, लागते. ज्याच्या डोळ्याची स्वतःची जुळवून घेण्याची शक्ति जवळजवळ संपली आहे त्यानें अडीचच्या भिंगांतून पडदा पाहिला तर अक्षर पुसटच दिसणार. मग तो पुढें वांकतो आणि पाठ धरते. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खालच्या भागांतून पाहण्यासाठीं हनुवटी वर करावी लागते आणि मान दुखूं लागते. ह्यास सोपा उपाय असा कीं, नेहमींप्रमाणें बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचें अंतर दोरीनें मोजावें, तो आंकडा लिहून घ्यावा, आणि चष्म्याचा नंबर काढतांना डॉक्टरांस दाखवावा. त्या अंतराचा निराळा चष्मा करून मिळतो. तोपर्यंत, दुहेरी भिंगाच्या मनुष्यानें पडदा थोडा खालीं उतरवून किंचित् मागें कलता ठेवावा. ‘निळा प्रकाश अडविणाऱ्या’ कांचांसाठीं मात्र अधिक पैसे खर्च करण्याचें कारण नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेंत, अशा कांचांनीं डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचें दिसून आलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे वळावें. पडद्याची उजळी ठरविण्यास एका कोऱ्या पांढऱ्या कागदाखेरीज कांहीं नको. कागद पडद्याच्या शेजारीं धरावा. पडदा दिव्यासारखा झगझगीत दिसला तर उजळी जास्त आहे. राखी, मळकट दिसला तर कमी आहे. दोन्ही सारखे पांढरे दिसले म्हणजे उजळी बरोबर आहे. दुपारीं आणि रात्रीं ही तुलना निरनिराळी करावी. अंधाऱ्या खोलींत केवळ पडद्याच्या उजेडांत बसणें वाईट. खोलींत एक दिवा जरूर असावा.

अक्षर मोठें करतांना एक चूक सर्रास होते. घरांतील कोणीतरी पडद्याचें ‘रिझोल्यूशन’ कमी करून देतो. अक्षर मोठें होतें खरें, पण तें मेणासारखें पाघळल्यागत दिसतें. ह्याचें कारण असें: सपाट पडद्यावर प्रकाशबिंदूंची संख्या ठरलेली असते, उदाहरणार्थ, आडव्या ओळींत १९२० आणि अशा ओळी १०८०, म्हणजे एकंदर वीस लाखांवर बिंदु. संख्या कमी करण्यास सांगितलें कीं यंत्रास अर्ध्यामुर्ध्या बिंदूंची वांटणी करावी लागते आणि रेघांच्या कडा धूसर होतात. म्हणून रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापावरच, जेथें ‘रेकमेंडेड’ असें लिहिलेलें असतें तेथेंच, ठेवावें, आणि मोठेपणा अन्य मार्गानें साधावा.

ते मार्ग तीन आहेत. केवळ संकेतस्थळ वाचावयाचें असेल तर ‘कंट्रोल’ ही कळ दाबून ठेवून अधिक चिन्हाची कळ दाबावी. प्रत्येक वेळीं अक्षर मोठें होतें. उणे चिन्हानें लहान होतें, आणि कंट्रोलसह शून्य दाबलें कीं मूळ मापावर येतें. दुसरा मार्ग सबंध पडद्यासाठीं. ‘सेटिंग्ज’मध्यें ‘सिस्टिम’, त्यांत ‘डिस्प्ले’, आणि त्यांत ‘स्केल’ असें सदर आहे. तेथें १०० च्या जागीं १२५ वा १५० टक्के निवडल्यास चिन्हें, खिडक्या व अक्षरें सर्व त्या प्रमाणांत वाढतात. तिसरा मार्ग केवळ अक्षरांचा. विंडोज चिन्हाची कळ व ‘यू’ ही कळ एकत्र दाबली असतां ‘ॲक्सेसिबिलिटी’ नांवाचा विभाग उघडतो. जुन्या आवृत्तींत ह्यालाच ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ म्हणत. त्यांत अक्षराच्या मापाची पट्टी असून ती २२५ टक्क्यांपर्यंत सरकवितां येते. ॲपलच्या संगणकांतही ‘ॲक्सेसिबिलिटी’ ह्याच नांवाखालीं ही सोय आहे, आणि मोबाइलमध्यें ‘डिस्प्ले’ अथवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ ह्या सदरांत अक्षराचें माप वाढवितां येतें.

पण माप किती वाढवावें? ‘जेमतेम दिसतें’ एवढ्यावर थांबणें ही दुसरी नेहमींची चूक. जेमतेम दिसणारें अक्षर ओळखतां येतें, परंतु तें वाचतां येत नाहीं. प्रत्येक शब्दाशीं झगडावें लागतें आणि पांच मिनिटांत मनुष्य थकतो. सलग, सुखानें वाचण्यासाठीं अक्षर त्या किमान मापाच्या निदान दुप्पट, आणि शक्य तर तिप्पट असावें लागतें. ह्याची परीक्षा घरीं करतां येते. नेहमींच्या अंतरावर, नेहमींचा चष्मा लावून बसावें आणि मराठी मजकुराचें एखादें पान उघडावें. कंट्रोल व उणे चिन्हानें अक्षर लहान करीत जावें, आणि कोणत्या टक्क्यांस तें जेमतेम वाचतां येतें तें पाहावें. समजा तें ७५ टक्क्यांस जेमतेम वाचतां आलें. तर नेहमींच्या वाचनास १५० टक्क्यांपासून पुढें माप ठेवावें. अक्षर फार वाढलें कीं ओळी आंखूड होतात आणि कांहीं वेळां ‘पुढें जा’ वगैरे बटणें पडद्याच्या बाहेर जातात. म्हणून माप एकदम न वाढवितां पायरीपायरीनें वाढवावें.

केवळ मोठें केल्यानें फिकें अक्षर गडद होत नाहीं. पांढऱ्यावर शुद्ध काळें अक्षर असलें म्हणजे उजेडाचें प्रमाण २१ स १ असतें. संकेतस्थळांसाठीं जी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे तिच्यांत साध्या मजकुरास किमान ४.५ स १ इतकें प्रमाण सांगितलें आहे. परंतु शोभेसाठीं करड्यावर करडें छापणारीं संकेतस्थळें पुष्कळ. अशा वेळीं वर सांगितलेल्या ॲक्सेसिबिलिटी विभागांतील ‘कॉन्ट्रास्ट थीम्स’ हें सदर उपयोगी पडतें. तें सर्व रंग बाजूस सारून मोजके ठळक रंग ठेवितें. काळ्या पडद्यावर पांढरें अक्षर, ज्यास ‘डार्क मोड’ म्हणतात, तें चांगलें कीं वाईट, ह्याचें एकच उत्तर नाहीं. ज्याच्या भिंगावर मोतीबिंदूची धूसरता आली आहे त्यास पांढऱ्या पडद्याचा उजेड डोळ्यांत पसरून त्रास देतो. त्याला बहुधा काळा पडदाच मानवतो. उलट, ज्याच्या डोळ्यांत तिरप्या नंबराचा दोष आहे त्यास काळ्यावरील पांढऱ्या अक्षराभोंवतीं प्रभा पसरलेली दिसते. त्यानें पांढराच पडदा ठेवावा. दोन्ही प्रकारांनीं पंधरा-पंधरा मिनिटें वाचून ज्यानें शीण कमी होईल तो प्रकार स्वीकारावा.

अक्षर दिसूं लागलें तरी बाण हरवतो, ही तक्रार नेहमींची. त्याच विभागांत बाणाचा आकार वाढवितां येतो आणि रंगही बदलतां येतो. टाइप करतांना लुकलुकणारी उभी रेघही जाड करतां येते. एखादाच आंकडा, उदाहरणार्थ बँकेचा खातेक्रमांक, बारकाईनें तपासावयाचा असेल तर विंडोज चिन्हाची कळ व अधिक चिन्ह दाबावें. पडद्यावर भिंग उघडतें. विंडोज चिन्ह व ‘एस्केप’ ह्या कळांनीं तें बंद होतें. पैसे पाठविण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं ह्या भिंगानें क्रमांक व रक्कम पाहण्याची संवय लावून घेतली तर पुष्कळ अनर्थ टळतील. आणि डोळे अगदींच थकले तर कान आहेतच; पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारे कार्यक्रम आतां मराठींतही काम देतात, आणि ‘एनव्हीडीए’सारखा कार्यक्रम तर विनामूल्य मिळतो.

येथपर्यंत सोयीची गोष्ट झाली. आतां एक धोक्याची गोष्ट सांगणें अवश्य आहे. अक्षर मोठें करतां येतें ह्या सुखांत रोग झांकला जातो. दर दोन महिन्यांनीं माप वाढवीत जावें आणि ‘वयच झालें’ असें म्हणत राहावें, ह्यांत मोठी हानि आहे. काचबिंदूंत कडेची दृष्टि प्रथम जाते आणि मधली बराच काळ शाबूत राहते. अक्षर वाचतां येतें म्हणून मनुष्य निर्धास्त असतो, आणि गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं. मधुमेह्याच्या दृष्टिपटलावरील विकार आरंभीं कांहींच त्रास देत नाहीं. रक्तांतील साखर कमीजास्त झाली कीं मधुमेह्याचा नंबरही तात्पुरता बदलतो, म्हणून एका दिवसाच्या पुसटपणावर नवा चष्मा करूं नये. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजूं लागला म्हणजे सरळ रेघा वांकड्या दिसतात. हिशेबाच्या आंखलेल्या तक्त्याकडे एक डोळा झांकून, मग दुसरा झांकून पाहिलें तर हा दोष कधीं कधीं घरींच ध्यानांत येतो. तसें आढळल्यास त्याच आठवड्यांत नेत्रवैद्याकडे जावें.

म्हणून वर सांगितलेली परीक्षा दर तीन महिन्यांनीं, प्रत्येक डोळ्यानें निराळी करावी आणि आलेला आंकडा तारखेसह वहींत टिपून ठेवावा. गेल्या वेळीं ७५ टक्क्यांस वाचतां येणारें अक्षर आतां ११० टक्क्यांस जेमतेम दिसत असेल तर संगणकाचें माप वाढविण्यापूर्वीं डोळा तपासून घ्यावा. ही वही नेत्रवैद्याची जागा घेणार नाहीं. पण त्याच्याकडे वेळेवर जाण्याची आठवण खचित देईल. मोतीबिंदु हें कारण निघाल्यास भिण्याचें प्रयोजन नाहीं. डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया १९४९ सालीं लंडन येथें हॅरल्ड रिड्ले ह्यांनीं केली. आज ती गांवोगांवच्या लोकांच्या परिचयाची झाली आहे. शस्त्रक्रियेनंतर मात्र पडद्याची सर्व मांडणी पुन्हां नव्यानें करावी. पिवळें भिंग गेल्यामुळें पडदा अधिक उजळ व निळसर भासतो, आणि बसविलेलें भिंग बहुधा एकाच अंतराचें असल्यामुळें चष्म्याचा हिशेबही बदलतो.

शेवटची गोष्ट घरांतील तरुणांसाठीं. ही मांडणी वडिलांच्या पाठीमागें करून ठेवूं नये. ती त्यांच्या शेजारीं बसून, त्यांच्या हातानें करवावी. एका वेळीं एकच फरक करावा आणि तो चार दिवस राहूं द्यावा. कोणती कळ दाबावयाची तें जाड शाईनें कागदावर लिहून पडद्याशेजारीं चिकटवावें. त्याच संगणकावर नातवंडें काम करीत असतील तर दोघांचीं खातीं निराळीं करावीं. नाहींतर संध्याकाळीं नातवानें लहान केलेलें अक्षर सकाळीं आजोबांच्या वाट्यास येतें. ज्या घरानें आजीसाठीं मोठ्या टायपाची पोथी आणिली, त्या घरास हें शिकविण्याची वास्तविक गरज नाहीं. पोथीसाठीं बाजारांत जावें लागत असे. येथें दोन कळा दाबल्या कीं पुरे. त्यानंतर मालकानें आपला खातेक्रमांक स्वतःच वाचावा.